मायक्रोवेव्ह शीत प्लाझ्मा, वातावरणीय दाबावरील

वाहत्या वायूत, नेहमीच्या हवेच्या दाबावर, मायक्रोवेव्ह लहरींनी घडवलेले विद्युत् विसर्जन. यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार केल्व्हिनच्या वर असते, वायूचे मात्र पुष्कळच कमी. राजूरच्या (ता. वणी, जि. यवतमाळ) चुनाभट्टीत दगड, कोळसा, धूर सगळे मिळून तापतात, तेव्हा सुमारे 900° से.ला चुनखडीचे विघटन होते. या प्लाझ्मात मात्र मुख्यतः इलेक्ट्रॉन तापतात आणि रेणूंचे बंध तेच तोडतात.

बहुधा घरगुती मायक्रोवेव्हचीच 2.45 गिगाहर्ट्‌झ वारंवारता वापरतात, कारण तिचे मॅग्नेट्रॉन स्वस्त मिळतात. लहरी क्वार्ट्झच्या नळीच्या भिंतीतून आत शिरतात. वायूला धातूचे विद्युत् अग्र टेकत नसल्याने प्लाझ्मा स्वच्छ राहतो. 1974–75च्या सुमारास माँट्रिअलचे मिशेल मोइसां व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी घडवलेले सर्फाट्रॉन हे प्लाझ्मा निर्माण करणारे साधन या प्रकारचे. पुढच्याच वर्षी नेदरलंड्समधील बेनाकर यांच्या मायक्रोवेव्ह अनुनादी पोकळीत वातावरणीय दाबावर हेलियमचा प्लाझ्मा टिकला आणि तो रासायनिक विश्लेषणात रुजला.

‘शीत’ हे विशेषण मात्र जपूनच वापरावे. हेलियमच्या अणूवर आदळलेला इलेक्ट्रॉन एका लवचिक टकरीत आपल्या ऊर्जेचा जेमतेम 3,600वा हिस्सा देतो. पण या दाबावर टकरी इतक्या होतात की वायू तापू लागतोच. हवेत तर नायट्रोजनचे रेणू कंपनांतून ऊर्जा झपाट्याने शोषतात, आणि विसर्जनाचा गाभा हजारो अंशांवर जातो. थंडपणा टिकवावा लागतो, तो कमी शक्ती, तुटक स्पंद आणि वायूचा प्रवाह यांनी. 2 मिमी. व्यासाच्या नळीतून मिनिटाला 1 लिटर वायू सोडला, तर तापण्यापूर्वीचा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 5 मी. असतो, 2 सेंमी.चा विसर्जनपट्टा तो 4 मिलिसेकंदांत ओलांडतो. हेलियमची उष्णतावाहकता आर्गॉनच्या सुमारे आठपट, म्हणून महाग असूनही तो सोयीचा. वस्तू धरायची ती गाभ्यात नव्हे, प्रवाहाच्या पुढच्या टोकाशी. ऑक्सिजनचे अणू, हायड्रॉक्सिल आणि नायट्रिक ऑक्साइड तिथवर पोचतात आणि जंतू मारतात किंवा पृष्ठभाग बदलतात.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2015मध्ये बासमती तांदळावर प्लाझ्माचा प्रयोग प्रसिद्ध केला. तो रेडिओ वारंवारतेचा व कमी दाबाचा होता. त्यासाठी बंद कोठी निर्वात करावी लागते. उघड्या हवेतल्या मायक्रोवेव्ह प्लाझ्माच्या झोताला मात्र निर्वात पंप लागत नाही. सरकत्या पट्ट्यावरचे धान्य किंवा कापड त्याखालून नेता येते, आणि कापूस पिकवणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्याला हा फरक मोलाचा आहे. झोताची रुंदी थोडी असल्याने मोठ्या पृष्ठभागासाठी अनेक झोत ओळीने मांडावे लागतात. लहरींची गळती रोखणारे धातूचे आवरण आणि ओझोन व नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर काढणारी वायुवीजनाची सोय दोन्ही अनिवार्य आहेत.