दासगावचा डोंगर आणि सावित्रीचा गाळ

महाड तालुक्यातील दासगाव हे सावित्रीच्या खाडीकाठचे जुने बंदर असून त्याच्या इतिहासात बंदर, भातशेती आणि दरडी यांची नोंद सहसा वेगवेगळी होते. वस्तुतः या तिन्हींच्या मुळाशी सह्याद्रीच्या खडकाची झीज आहे, आणि तिला वगळून लिहिलेला या गावाचा इतिहास अपुराच राहतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वर आलेला लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि निवून त्याचा बेसाल्ट, म्हणजेच परिचित काळा दगड, झाला. या थरांचे रासायनिक घटकांवरून जे गट भूशास्त्रज्ञांनी पाडले, त्यांपैकी तिघांना, खालून वर, पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही महाडजवळून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या घाटवाटेवरची नावे मिळाली आहेत. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे छिन्नीकाम आजही टिकून आहे, ते या दगडाच्या कणखरपणामुळेच.

मात्र पावसापुढे हा कणखरपणा कायमचा नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड मिसळल्याने किंचित आम्ल झालेले पाणी खडकाच्या सांध्यांत शिरते, त्यातील फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती करते आणि लोहाचे गंजासारखे तांबडे संयुग बनवते. या प्रक्रियेला अपक्षय म्हणतात. सांध्यांनी विभागलेल्या बेसाल्टचे कोपरे आधी झिजत असल्याने कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे कवचे सुटत जातात, मध्ये गोल धोंडा उरतो आणि भोवती मुरूम व माती साचते. हीच क्रिया दीर्घकाळ चालून विद्राव्य घटक वाहून गेले की लोह व ॲल्युमिनियम मागे राहतात आणि महाबळेश्वरच्या पठारावर आढळणारा जांभा तयार होतो.

डोंगरावरून सुटलेली माती सावित्री व तिच्या उपनद्या खाली आणतात. तिच्यावरच खाडीकाठची भातखाचरे पोसली गेली, आणि तिच्याच गाळाने पात्र उथळ होत असल्याने गलबतांना भरती साधावी लागे. तरीही रस्त्यांची सोय होईपर्यंत महाडचा समुद्राशी संबंध या खाडीनेच राखला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच जलमार्गाने दासगावला उतरले.

उतारावर टिकून राहिलेली माती मात्र वेगळ्या रीतीने खाली येते. खालचा अभंग बेसाल्ट पाणी सहजासहजी मुरू देत नाही. त्यामुळे अतिवृष्टीत माती-मुरुमाच्या थरात पाणी तुंबते, कणांमधील पाण्याचा दाब वाढून त्यांची परस्परांवरील पकड सुटते आणि धोंड्यांसह सारा थर खडकावरून घसरतो. २५ व २६ जुलै २००५ रोजी दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन येथे अशाच दरडींनी वस्त्या गाडल्या आणि मोठी जीवितहानी झाली. हा घाला केवळ एका पावसाचा मानणे पुरेसे नाही, कारण घसरलेली माती हजारो वर्षे तयार होत आली होती आणि पावसाने तिला अखेरचा भार दिला. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून पुन्हा मोठी जीवितहानी झाली, आणि त्याच दिवसाच्या पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींखाली माणसे दगावली.