बॉम्बे रक्तगटाचा शोध

बॉम्बे रक्तगटाची पहिली नोंद मुंबईत झाली. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनमधील संशोधकांच्या साथीने १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये तीन व्यक्तींच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. लाल पेशींच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ ठरत होते. ‘ए’विरोधी किंवा ‘बी’विरोधी द्रव घातला तरी पेशी एकत्र चिकटत नव्हत्या. घोळ दुसऱ्या बाजूने उघड झाला. या व्यक्तींचे सीरम साध्या ‘ओ’ गटाच्या पेशींत मिसळले की त्यांच्याही गुठळ्या होत. रक्तगटांचे शोधक लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात घालून दिलेल्या चौकटीत हे बसत नव्हते, कारण ‘ओ’ पेशींवर ‘ए’ किंवा ‘बी’ नसल्याने त्या कोणालाही चालतात असाच समज होता. हा निकाल तपासणीतली चूक समजून सोडून दिला गेला नाही, हे या शोधाचे मोठेपण.

‘ओ’ पेशी कोऱ्या नसतात. त्यांच्या पृष्ठभागावर ‘एच’ हे प्रतिजन असते. शर्करांच्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज जोडले गेले की ते तयार होते आणि त्यावरच पुढे ‘ए’ किंवा ‘बी’ची शर्करा बसते. बॉम्बे गटात फ्यूकोज जोडणारे विकर नसते. पायाच नसल्याने ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक असूनही ते लाल पेशींवर दिसत नाही. उलट शरीरात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे मात्र असतात. १९५५ साली फिलिप लेविन यांच्या गटाने अमेरिकेतील एका कुटुंबात असेच दडलेले ‘बी’ जनुक दाखवले.

‘एच’ घडवणारे जनुक, एफयूटी१, एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे, ‘ए’ आणि ‘बी’ ठरवणारे एबीओ जनुक नवव्या. त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे वारशात येतात. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तरच हा गट होतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला आढळतो, तर युरोपात दशलक्षात एकाला.

व्यवहारात मोठी अडचण रक्त चढवतानाची आहे. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्तही घातक ठरते. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. म्हणून रक्तपेढीत पेशींबरोबर सीरमचीही उलट तपासणी करावी लागते. रुग्ण सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त आधी तपासतात, कारण प्रत्येकात हाच गट असण्याची शक्यता चारात एक असते.