साडेबारा टक्क्यांचा मागोवा

पनवेल-उरणच्या आगरी-कोळी घरांत पाहुणा आला की चहासोबत एक प्रश्न हमखास निघतो, "तुमचे साडेबारा टक्के मिळाले का?" खारघर-कामोठ्यात नव्याने राहायला आलेल्याला हा आकडा कळत नाही. त्याची इमारत मात्र अनेकदा त्याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी असते.

आकड्याचं मूळ जमिनीच्या मालकीत आहे. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या आगरी कुळांनी जमीनदार खोतांविरुद्ध १९३३ साली चरीचा संप पुकारला आणि तो वर्षानुवर्षे चालवला. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढू लागलं. ती शाई नीट वाळायच्या आत, तेराच वर्षांनी, नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची होती. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या हद्दीत ३४४ चौरस किलोमीटरचं नवं शहर, नवी मुंबई, आखलं गेलं. भातशेती, खाजणं, मिठागरं सगळी त्यात आली.

संपादित जमिनीचा मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९९० साली सरकारने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं मान्य केलं. माझ्या मते हे उपकार नव्हेत. ही पाच जीव देऊन मिळवलेली कबुली आहे.

आता हिशेब करून बघा. एकर म्हणजे चाळीस गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. सामाजिक सुविधांसाठीची तीस टक्के कपात धरली की हाती उरतात साडेतीन गुंठे, तेही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. कालचा मालक आज पट्टेदार झाला. मग भूखंडाची सोडत, बिल्डर, आणि सिडको-पट्टेदार-बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार. वाढत्या कुटुंबाने गावठाणाबाहेर दोन खोल्या काढल्या की त्या अनधिकृत ठरल्या. 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्दप्रयोग तिथून आला.

असं इतरत्रही झालं आहे. अमेरिकेत १८८७ च्या डॉज कायद्याने आदिवासी जमातींची सामाईक जमीन कुटुंबागणिक वाटली आणि उरलेली 'अतिरिक्त' ठरवून बाहेरच्यांना खुली केली. १९३४ पर्यंत त्यांची १३.८ कोटी एकर जमीन ४.८ कोटींवर आली. आपल्याकडचा प्रसंग वेगळा आहे, पण जमीन 'अतिरिक्त' कोणी ठरवायची, हा प्रश्न तोच आहे.

इकडे या जमिनींवर शहर वाढत गेलं. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. २०१६ मध्ये २९ गावं घेऊन महापालिका झाली. त्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत ५,०९,९०१ माणसं होती. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली, तेव्हा परताव्याचा आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. लढ्याने आकडा वाढतो, हे त्यातून सिद्ध झालं.

जुन्या सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. तुमच्या घरातल्या ट्रंकेत असा कागद असेल तर तो काढा, ते नाव वाचा आणि घरातल्या पोरांना ती जागा नेऊन दाखवा.