तीन पीठे, एक बिशप

एका गादीवर दोन धनी बसू लागले म्हणजे काय अनर्थ होतो, हे आपण इतिहासात पदोपदी पाहतो. परंतु एकाच धन्याने तीन गाद्या सांभाळाव्यात आणि तिन्हींची नावे मात्र शाबूत राहावीत, हा प्रकार पाहावयाचा असेल, तर आयर्लंडकडे वळले पाहिजे. तेथील अँग्लिकन चर्चचा एक बिशप 'कॉर्क, क्लॉइन आणि रॉस' अशा तीन प्रांतांचा म्हणून ओळखला जातो. त्याची कॅथीड्रलेही तीन आहेत.

बिशप म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख. पाद्र्यांना दीक्षा देणे, बाप्तिस्मा झालेल्यांवर हात ठेवून त्यांना श्रद्धेत दृढ करणे आणि प्रांतातील चर्चांवर देखरेख ठेवणे, ही त्याची मुख्य कामे. ज्या प्रार्थनामंदिरात त्याचे आसन असते, ते कॅथीड्रल. मग एका माणसाला तीन आसने कशासाठी?

१८३३ पूर्वी आयर्लंडात या राजमान्य चर्चचे ४ आर्चबिशप आणि १८ बिशप होते. अनुयायी मात्र थोडे. १८६१ च्या शिरगणतीत ते शेकडा सुमारे १२ भरले. बहुसंख्य प्रजा रोमन कॅथलिक. तरीही या परक्या चर्चसाठी उत्पन्नाचा दशांश कॅथलिक शेतकऱ्याच्या माथी होताच. १८३१ च्या सुमारास शेतकऱ्यांनी तो नाकारला आणि रक्त सांडू लागले. तेव्हा पार्लमेंटने १८३३ साली कायदा करून २ आर्चबिशप व १० बिशप एवढीच पदे ठेवण्याचे ठरविले. दशांश मात्र तसाच राहिला.

या कायद्याने कोणाला गादीवरून खाली ओढले नाही. गादी रिकामी झाली की ती शेजारच्या बिशपाकडे जाई. क्लॉइनची गादी साधी नव्हती. तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली १७३४ पासून तेथे बिशप होता. पुढे ज्योतिर्विद जॉन ब्रिंक्ली तेथे आला. १८३५ मध्ये तो वारला आणि क्लॉइन हा प्रांत कॉर्क व रॉस यांना जोडला गेला. कॉर्क आणि रॉस तर १५८३ पासूनच एकत्र होते.

ऑक्सफर्डला जॉन कीबल याने १४ जुलै १८३३ रोजी व्याख्यानपीठावरून या कायद्याचा निषेध केला. बिशपाचे पद प्रभूच्या प्रेषितांपासून चालत आलेले; ते मोडणारे सरकार कोण, हा त्या पक्षाचा सवाल होता. सवाल खरा होता; पण ज्या शेतकऱ्याच्या घामावर ती पदे पोसली जात, त्याचा सवालही तितकाच खरा होता, हे आपण विसरता कामा नये.

या तिढ्याचा उलगडा पुढच्या कायद्याने झाला. १८६९ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १८७१ पासून चर्च व सरकार यांची फारकत झाली. आयर्लंडच्या बिशपांची लॉर्डांच्या सभागृहातील आसने गेली, सरकारी नेमणूक गेली. पाद्री आणि सामान्य सभासद मिळून बिशप निवडू लागले. आता जोडणेतोडणे त्यांच्याच हाती आले. १८५० मध्ये आर्माला जोडलेला क्लॉगर १८८६ मध्ये त्यांनी पुन्हा वेगळा केला. उलट मीथ आणि किल्डेअर १९७६ मध्ये एकत्र केले. याच जोडप्रांतात २०१३ साली पॅट स्टोरी या आयर्लंडच्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या.

म्हणजे वाद गाद्यांच्या संख्येचा नव्हताच. सरकारने लादलेली एकी अपमान वाटली. तीच स्वतः ठरविल्यावर घरातली व्यवस्था झाली. बिशपाच्या नावात तिन्ही गावे टिकली, ती मात्र वैभवासाठी नव्हेत. कारभार एक झाला तरी गाव पुसले जात नाही, एवढेच ती सांगतात.