मुख्य गडी आणि राखीव गडी

सन १९७१ च्या प्रारंभी मुंबईच्या क्रिकेट संघापुढे मोठाच पेच उभा होता. रणजी करंडकाची अंतिम झुंज शेजारच्या महाराष्ट्र संघाशी व्हावयाची होती, आणि वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, सोलकर व अशोक मंकड हे पाचही मोहरे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेले. यांपैकी दिलीप सरदेसाई मूळचे मडगावचे. गुंद गाव ज्या जोयडा तालुक्यात मोडते त्याची हद्द ज्या गोव्याला भिडते, त्या गोव्यातले. मुंबईने सुधीर नाईक यांच्या हाती नेतृत्व सोपविले, उरलेल्या गड्यांनिशी सामना दिला आणि तो ४८ धावांनी जिंकला. १९५८-५९ पासून चालत आलेली अजिंक्यपदाची मालिका खंडित झाली नाही. ती पुढे १९७२-७३ पर्यंत, सलग पंधरा वर्षे टिकली.

येथे मुख्य गडी स्वेच्छेने बसविले नव्हते, हे खरे. परंतु निर्णायक सामन्यापूर्वी त्यांना विश्रांती द्यावी की नाही, या वादाचे मर्म याच प्रसंगात सापडते. राखीव गडी तोलामोलाचे असतील तरच विश्रांती परवडते.

त्याच दौऱ्यात सक्तीच्या विश्रांतीचेही उदाहरण घडले. बोट दुखावल्यामुळे गावस्कर किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीस मुकले. त्यानंतरच्या चार कसोटींत त्यांनी ७७४ धावा काढल्या! त्या विश्रांतीचे श्रेय कोणी मोजले नाही; पण दुखऱ्या बोटाने त्यांना मैदानात उतरविले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कोणाही कर्णधारास अस्वस्थ करील.

हा वाद खरा पेटतो तो अमेरिकेत. तेथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायचेंडू नव्हे. चेंडू हाती घेऊन धावण्याचा, अंगावर अंग आदळण्याचा तो खेळ, आणि त्यात जायबंदी होणे नित्याचे. साखळी सामने संपण्यापूर्वीच बादफेरीतील जागा निश्चित झाली, की प्रशिक्षकापुढे धर्मसंकट उभे राहते. २७ डिसेंबर २००९ रोजी इंडियानापोलिसचा संघ चौदा सामने अपराजित होता. न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध आघाडी हाती असताना पेटन मॅनिंग यास तिसऱ्या सत्रात बाहेर बोलाविण्यात आले. सामना १५-२९ असा गेला आणि स्वतःच्याच प्रेक्षकांनी संघाची हुर्यो उडविली. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांचा हा रोष अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. शिवाय त्या विजयाच्या बळावर जेट्स बादफेरीत शिरले, म्हणजे तिसऱ्याच कुणा संघाची वाट अडली. इंडियानापोलिसने पुढे त्याच जेट्सना हरविले. पण अंतिम सामना मात्र न्यू ऑर्लिन्सने ३१-१७ असा जिंकला.

याच्या उलट प्रकार दोन वर्षांपूर्वीचा. २९ डिसेंबर २००७ रोजी न्यूयॉर्क जायंट्सना जिंकून काही मिळावयाचे नव्हते, हरून काही जावयाचे नव्हते. तरीही टॉम कॉफलिन यांनी अपराजित न्यू इंग्लंडपुढे आपले बिनीचे गडी उभे केले. सामना ३५-३८ असा हरला, काही गडी जायबंदीही झाले. पण ३ फेब्रुवारी २००८ रोजी अंतिम सामन्यात तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा जायंट्सनी १७-१४ अशी बाजी मारली. त्या पराभवातून त्यांनी आत्मविश्वास कमावला, असे मानण्यास जागा आहे. मात्र ३ जानेवारी २०१० रोजी न्यू इंग्लंडचा वेस वेल्कर अखेरच्या साखळी सामन्यात गुडघा मोडून बसला आणि आठवड्याभरात त्याचा संघ बादफेरीतून बाहेर पडला, तेही विसरून चालणार नाही. कॉफलिन यांचे धाडस फळले, एवढेच.

सर्व मोहरे हाताशी असले म्हणजे जय निश्चित, असेही नाही. १९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात मुंबईकडे बंगलोर येथे गावस्कर, वाडेकर, सोलकर सारेच होते. प्रसन्न यांनी गावस्करांचा त्रिफळा उडविला, वाडेकर धावबाद झाले, आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटकाने ती पंधरा वर्षांची मालिका संपविली.

आणि ज्यांनी १९७१ मध्ये दुय्यम फळी घेऊन करंडक राखला, त्या सुधीर नाईक यांना १९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये भारताची कसोटी टोपी लाभली. एजबॅस्टनला त्यांनी दुसऱ्या डावात ७७ धावा केल्या.