वासिली गोलोव्हनिन : एका रशियन आरमारी अधिकाऱ्याचा जपानमधील बंदिवास (१८११-१८१३)

प्रस्तावना

रशियन आरमाराच्या इतिहासात वासिली मिखाइलोविच गोलोव्हनिन (१७७६-१८३१) याचे नाव सामान्यतः 'डायना' व 'कामचात्का' या जहाजांवरील त्याच्या दीर्घ सफरींमुळे घेतले जाते. तथापि त्याच्या चरित्रातील ज्या सव्वादोन वर्षांत त्याच्या हाताखाली एकही जहाज नव्हते, त्या वर्षांचे ऐतिहासिक मोल अधिक आहे. १८११ ते १८१३ या काळात तो जपानी राज्यकर्त्यांच्या कैदेत होता, आणि ज्या कृत्यांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता त्यांचा जाब त्याला द्यावा लागत होता. राज्याच्या नावाने काहींनी केलेल्या आगळिकीची किंमत त्याच राज्याच्या दुसऱ्या सेवकाने कशी मोजली, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

घडण आणि पहिला अटकाव

र्‍याझान प्रांतातील गुलिंकी या गावी एका जुन्या सरदार घराण्यात गोलोव्हनिनचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. घराण्याच्या परंपरेनुसार तो भूदलात जायचा. परंतु १७८८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याची रवानगी क्रोनश्टाट येथील नौदल विद्यालयात झाली. स्वीडनविरुद्धच्या युद्धात १७९० साली त्याने विद्यार्थिदशेतच लढाई पाहिली. पुढे १८०२ पासून काही वर्षे तो इंग्लंडच्या आरमारात अनुभवासाठी राहिला. ज्यांच्या जहाजांवर त्याने विद्या घेतली, त्यांनीच पुढे त्याला अडकवून ठेवावे, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

जुलै १८०७ मध्ये 'डायना' हे छोटे जहाज घेऊन तो क्रोनश्टाटहून निघाला. मोहीम वैज्ञानिक स्वरूपाची असल्याने इंग्रजांनी तिला अभयपत्र दिले होते. दरम्यान टिल्सिटचा तह होऊन रशिया नेपोलियनच्या गोटात गेला व इंग्लंडशी युद्धाची स्थिती निर्माण झाली. एप्रिल १८०८ मध्ये केप ऑफ गुड होपजवळील सायमन्स उपसागरात 'डायना' शिरली तेव्हा तिच्या कप्तानाला याची वार्ताही नव्हती. इंग्रजांनी जहाज अडकवले. सुमारे तेरा महिने वाट पाहूनही निर्णय होईना आणि शिधा संपत आला, तेव्हा मे १८०९ मधील एका वादळी संध्याकाळी इंग्रज जहाजांच्या डोळ्यांदेखत त्याने नांगराचे दोर तोडून खुला समुद्र गाठला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत 'डायना' कामचात्काला पोहोचली.

जपानशी बिघाड

पुढील घटनांची मुळे मात्र गोलोव्हनिनच्या हाती नव्हती. व्यापारी संबंधांसाठी झारचा दूत म्हणून निकोलाय रेझानोव्ह १८०४ मध्ये नागासाकीला गेला. सुमारे सहा महिने तिष्ठत ठेवल्यानंतर त्याला नकार मिळाला. रशियन-अमेरिकन कंपनीच्या सेवेत असलेले ख्वोस्तोव्ह व दाविदोव्ह हे दोन आरमारी अधिकारी रेझानोव्हच्याच प्रेरणेने पुढे सरसावले आणि १८०६-०७ मध्ये त्यांनी साखालीन व इतुरुप येथील जपानी ठाण्यांवर हल्ले चढवले, कोठारे लुटली, जाळपोळ केली. जपानी शासनाने याला उघड शत्रुत्व मानले व रशियन जहाजे दिसताच हाकलून लावावीत असा हुकूम काढला. १८०९ मध्ये हे दोघेही अधिकारी सेंट पीटर्सबर्ग येथे नेव्हा नदीत बुडून मरण पावले. सारांश, जाब विचारण्याची वेळ आली तेव्हा मूळ अपराधी हयातच नव्हते.

कुनाशीर ते मात्सुमाए

१८११ च्या उन्हाळ्यात गोलोव्हनिन कुरील बेटांची पाहणी करीत कुनाशीरला आला. जहाजावर पाणी व अन्नसामग्री कमी पडली होती. भाषा येत नसल्याने त्याने एका पिंपात पेलाभर गोडे पाणी, लाकडाचे तुकडे, मूठभर तांदूळ व काही नाणी ठेवून ते किनाऱ्याजवळ तरंगत सोडले; काय हवे आणि त्याचे मोल देऊ, एवढाच त्याचा अर्थ. पुढे बोलणीही सुरू झाली. जुलैमध्ये ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या निमंत्रणावरून तो तटबंदीत गेला तेव्हा अधिकारी मूर, सुकाणूतज्ज्ञ ख्लेब्निकोव्ह, सिमोनोव्ह, मकारोव्ह, श्काएव्ह व वासिल्येव्ह हे चार खलाशी आणि कुरील बेटांवरील अलेक्सेई नावाचा दुभाष्या त्याच्यासोबत होते. तेथे सर्वांना पकडून बारीक दोरांनी आवळून बांधण्यात आले. जहाजावर मागे राहिलेला त्याचा मित्र प्योत्र रिकॉर्ड याने तटावर तोफा डागल्या. पण कैद्यांच्या जिवाच्या भीतीने त्याला अखेर ओखोत्स्कला परतावे लागले.

कैद्यांना प्रथम हाकोदाते व नंतर मात्सुमाए येथे नेण्यात आले. वाटेत दोर सैल होत नव्हते. मात्र तेच पहारेकरी कैद्यांना घास भरवीत आणि ओढे उचलून पार करवीत. ही विसंगती गोलोव्हनिनने कोणत्याही एका बाजूला न झुकता नोंदवली आहे. कागद नसल्याने त्याने आठवणींसाठी धाग्याला गाठी मारल्या. चांगल्या घटनेसाठी बाहीच्या झालरीचा पांढरा धागा, वाईट घटनेसाठी गळपट्ट्याचा काळा रेशमी धागा आणि अन्य उल्लेखनीय गोष्टींसाठी गणवेशाच्या अस्तराचा हिरवा धागा! पुढे युरोपभर वाचल्या गेलेल्या ग्रंथाचे हे पहिले साधन होय. त्यातील दिवसांचा क्रम विश्वसनीय मानण्यास यामुळे आधार मिळतो. संवाद मात्र स्मरणातून लिहिलेले आहेत, हे अभ्यासकाने विसरू नये.

चौकशीचा सारा रोख ख्वोस्तोव्हवर होता. ते हल्ले झारच्या आज्ञेने झाले नाहीत, हे गोलोव्हनिनचे म्हणणे खरे होते. पण आरमारी गणवेशातील अधिकारी व्यापारी कंपनीच्या चाकरीत स्वतःच्या मर्जीने गावे जाळतात, यावर कोणत्या शासनाने सहजासहजी विश्वास ठेवावा? जपानी अधिकाऱ्यांचा संशय येथे अनाठायी म्हणता येत नाही.

या प्रकरणात सर्वांत बिकट स्थिती अलेक्सेईची होती. पूर्वी जपान्यांच्या हाती सापडलेल्या कुरील लोकांनी, ज्यांत तोही होता, स्वतःची सुटका व्हावी म्हणून रशियनांनी आपल्याला हेरगिरीसाठी पाठवल्याचे खोटेच सांगितले होते. ते खोटे कबूल करणे म्हणजे स्वतःवर शिक्षा ओढवून घेणे. तरीही त्याने सत्य सांगितले व तो त्यावर ठाम राहिला. गोलोव्हनिनने त्याच्या धैर्याची मुक्तकंठाने दखल घेतली आहे. असे असूनही एप्रिल १८१२ मध्ये सहा कैदी कुंपणाखालून माती उकरून पळाले, तेव्हा त्यांत अलेक्सेईला घेतले नव्हते. सरदारी सौजन्यालाही आपल्या मर्यादा होत्या. मूर स्वेच्छेनेच मागे राहिला. सुमारे आठवडाभर डोंगरदऱ्यांतून भटकल्यावर, होडी हाती लागण्यापूर्वीच सहाही जण पकडले गेले. प्रमुख या नात्याने सारा दोष आपला असल्याचे गोलोव्हनिनने सांगितले आणि बडग्याची अपेक्षा असताना राज्यपालाकडून त्याला सौम्य वागणूक मिळाली.

कैदखाना हळूहळू पाठशाळाही झाला. मुराकामी तेइसुके रशियन शिकला. एदोहून डच भाषेचा जाणकार बाबा साजुरो मुद्दाम आला आणि गोलोव्हनिनने त्याच्यासाठी रशियन व्याकरण लिहून काढले. देवीच्या लसीवरील एका रशियन पुस्तिकेचा जपानी अनुवाद बाबाने पुढे पूर्ण केला, त्याचे बीज या सहवासात आहे. प्रसिद्ध भूशोधक मामिया रिंझो याने मात्र नौकानयनाच्या उपकरणांविषयी खोदून खोदून विचारले, पण रशियनांविषयीचा संशय सोडला नाही.

रिकॉर्ड आणि काहेई

१८१२ मध्ये रिकॉर्ड कुनाशीरला परतला, तेव्हा कैद्यांना ठार केल्याचे त्याला सांगण्यात आले. त्याने ताकादाया काहेई या धनाढ्य जहाजमालकाला त्याच्या गलबतासह पकडले. काहेईने कैदी जिवंत असल्याचे सांगितले व तो शांतपणे कामचात्काला गेला. तो हिवाळा दोघांनी एकाच घरात काढला आणि मोडक्यातोडक्या शब्दांतून त्यांची आपसांत बोलण्याजोगी भाषा तयार झाली. ख्वोस्तोव्हच्या कृत्यांशी सरकारचा संबंध नाही असे अधिकृत पत्र आणल्यास तिढा सुटेल, हा मार्ग काहेईनेच सुचवला. तशी पत्रे आल्यावर ऑक्टोबर १८१३ मध्ये हाकोदाते येथे कैद्यांची सुटका झाली. कैदेत असताना जपानी चाकरी पत्करू पाहणाऱ्या मूरला मात्र स्वकीयांत परतणे सोसले नाही. कामचात्कात त्याने आत्महत्या केली. त्याच्याविषयी लिहिताना गोलोव्हनिनचा सूर रागापेक्षा करुणेचा आहे.

उत्तरकाळ

गोलोव्हनिनचा ग्रंथ १८१६ मध्ये प्रसिद्ध झाला व लवकरच अन्य युरोपीय भाषांत गेला. त्यानंतर त्याने 'कामचात्का' जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली (१८१७-१९). लित्के व व्रांगेल हे भावी नाविक संशोधक त्याच्या हाताखाली घडले. १८३१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे पटकीच्या साथीत त्याचा अंत झाला. रशियन आरमाराच्या दुरवस्थेवर त्याने टोपणनावाने लिहिलेली परखड टीका १८६१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, छापली गेली.

त्याच्या ग्रंथाचा जपानी अनुवाद डच भाषेवरून १८२५ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी जपानी शासनाने परकी जहाजे दिसताच तोफा डागून पिटाळण्याची आज्ञा काढली. १८५५ च्या शिमोदा तहाने इतुरुप व उरुप यांच्या दरम्यान सीमा ठरली आणि कुनाशीर जपानकडे राहिले. १९४५ पासून ते रशियाच्या ताब्यात आहे व जपानचा त्यावरील दावा कायम आहे. गोलोव्हनिन जेथे पकडला गेला, तो उपसागर रशियन नकाशांत आजही 'विश्वासघाताचा उपसागर' या नावाने दाखवला जातो.