कापला तरी न मोडणारा कॅट

बेळगाव-निपाणीकडे पत्त्यांच्या डावात पिसणारा एक आणि कापणारा दुसरा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. कापलं की लबाडीला जागा उरली नाही, असा समज. जादूगाराचा लावलेला कॅट याच समजावर जगतो. किलवर दुर्री, तिच्याखाली बदाम पंजी, मग इस्पिक अठ्ठी, चौकट गुलाम, पुन्हा किलवर एक्का. दर पानाला तीन वाढवायचे आणि रंगांचा क्रम मोडायचा नाही. 52 पानांचं हे कडं कुठेही कापा, तुटत नाही. कापल्यावर तळाचं पान ओझरतं दिसलं, की सर्वांत वरचं पान न बघता सांगता येतं. ही रचना अमेरिकेतल्या सी स्टेबिन्सच्या नावावर चालते, पण लावलेल्या कॅटाचे प्रयोग 1593 साली इटलीत गालासोने आणि 1612 साली पोर्तुगालमध्ये सेकेराने छापले होते.

मग ही विद्या इकडे का उपजली नाही? डोकं कमी पडलं असं म्हणणाऱ्याने सावंतवाडीचा गंजिफा बघावा. बेळगावहून आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या जुन्या वाटेवरचंच हे गाव. दशावतारी गंजिफ्यात 120 पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यातही गंमत अशी, की पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का. कोणती पानं पडून गेली हे ज्याच्या ध्यानात नाही, तो या खेळात बसूच नये. तेव्हा कमतरता स्मरणशक्तीची नव्हे. माझ्या मते कारण पानांतच आहे. लाखेचं रोगण चढवलेली ही गोल, जाड पानं हातात पिसत नाहीत. कापडावर पालथी पसरून कालवतात. क्रम तिथे सगळ्यांदेखत मरतो. हातात पिसल्याचा नुसता देखावा करता येतो, कापडावर तो कसा करणार?

गोल पानंही कापता येतातच की, असं कुणी म्हणेल. येतात, पण आधी कालवलेली पानं कापून कुणाला काय मिळणार? दुसरा आक्षेप वजनदार आहे: 1612 पर्यंत गोव्यात पोर्तुगीज येऊन शंभर वर्षं झाली होती, विद्या तिथून वर चढू शकली असती. पण पुस्तक शेजारी असून भागत नाही. हातात पिसायचा कॅट घरोघरी हवा, आणि तो स्वस्त होऊन आला छापखान्यांमुळे, फार पुढे.

सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं, तेही पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात म्हणून. हे कौशल्य गंजिफ्याच्याच जातीचं. लावलेल्या कॅटाला मात्र पुढे येणारी पानं ठाऊक असतात, आणि त्याच्यापुढे रमीवाल्याची कापाकापी कुचकामी. कापडावर पालथी पसरायची जुनी रीत तेवढी त्याला पुरून उरते.